मागच्या दारचा कोहळा

२५ मे

रीतानं ही डायरी दिली. तिच्या नवऱ्याला खताच्या दुकानातून मिळालेली. वर गव्हाच्या लोंब्यांचं चित्र. आमच्या धानाच्या मुलखात गहू! पण धर्माची गाय अन् दात काय. अख्खी उमर अंगणवाडीत पोरांची वजनं लिहिण्यात गेली, आता रिटायर झाली तर हात शिवशिवतो. रीता म्हणाली, "माय, बाडीचं लिही. काय लावलं, काय निघालं, कोनं खाल्लं." लेक लग्न होऊन आमगावला गेली, तरी मला शिकवायचं सोडत नाही.

तर बाडी. घरामागे विहीर, विहिरीपलीकडे बाडी, तिला काट्याचं कुंपण, मग आमच्या धानाच्या बांध्या आणि त्यांच्या पलीकडे जंगल. वांगी, मिरची, अंबाडी, वाल असं सगळं आहे, पण माझा जीव कोचईत. शहरातले लोक तिला अळू म्हणतात अन् पानंच खातात, खालचा कांदा काय चीज आहे त्यांना ठाऊकच नाही. आज दोन वाफे कोचई लावली. यांनी खड्डे करून दिले. हे म्हणजे माझा नवरा, केवळराम. दिवसात चार शब्द बोलतात, त्यातले दोन बैलांशी.

संध्याकाळी भुपेनचा फोन आला. आमचा भुपेंद्र, रायपूरला लोखंडाच्या कारखान्यात आहे. थोरला म्हणा की धाकटा, लेक एकच. मी म्हटलं, "बादलीनं पानी टाकून टाकून कंबर गेली माही. एक झारी आन तिकडून." तर म्हणतो, "हिरवी आनू का लाल?" हिरवीच आण म्हटलं.

आणेल पोळ्याला. तो कधी सांगून येत नाही आणि पुढच्या दारानं तर कधीच येत नाही. रस्त्यावर उतरायचं, बांध्यांतून यायचं, मागचं कुंपण ओलांडून बाडीतून दबकत दबकत घरात. मी चुलीपाशी असते, अन् मागून दोन हात डोळ्यांवर. मीही मग मुद्दाम चुकीची नावं घेते. नंदाबाई? सरपंच? पोलीस पाटील? तो हात काढत नाही. "भुपेन" म्हटलं की मगच काढतो. लग्नाला आलेला घोडा, पण खेळ तोच.

८ जून

मेल्या रानडुकरांनी कोचई उकरली! एक वाफा साफ. कांदे खाल्ले ते खाल्ले, वर लोळून गेले. यांना दाखवलं तर पाहिलं, मान हलवली, गेले बैल सोडायला. म्हटलं, काही बोलाल का नाही? तर म्हणे, "डुक्कर आहे, खाईनच."

असं आहे माझं नशीब.

१९ जून

पुन्हा लावली होती, चार दिवसांपूर्वी पुन्हा उकरली. आता दोन्ही वाफे गेले. माझं डोकंच फिरलं. जेवताना यांना म्हटलं, "गावात अर्ध्या लोकायनं तार लावली, करंट सोडते. तुमीच एक साधू बसले. डुकरं तुमच्यापेक्षा हुशार."

हे म्हणाले, "करंटनं मानूस मरते."

"मानूस कायले येते मागून? मागं तं जंगल आहे."

नंदाबाई कुंपणापलीकडून ऐकत होती. शेजारीण आहे, कान लांबच असणार. ती म्हणाली, "नोको वो शामकला, वनखात्यावाले पकडतीन. अन् जीव तं कोनाचाही सारखाच." तिला काय जातं? तिच्या बाडीत दगडही उगवत नाही.

तीन दिवस अबोला धरला तेव्हा बुढा हलला. आज कुंपणाला खालून बारीक तार फिरवली, बोर्डावरून जोडली. जेवण झाल्यावर करंट सोडायचा, उजाडायच्या आत बंद करायचा. तार ओढताना दोनदा थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, भुपेन पोळ्याला येईल तोवर कोचई कमरेएवढी होते, मग तार काढून टाका. झालं समाधान.

आज रात्री शांत झोप लागेल, किती दिवसांनी.

२ जुलै

डुक्कर फिरकलं नाही. तिसऱ्यांदा लावलेल्या कोचईला पानं फुटली, तळहाताएवढी.

भुपेनला फोन केला. धानाच्या रोवणीला ये म्हटलं, मजूर मिळत नाहीत, बापाची पाठ दुखते. म्हणाला, "सुट्टी नाई भेटत, माय. पोळ्यालेच येतो." पण हसत होता. सुट्टी न मिळणारा माणूस हसतो कशाला? झारी घेतली का विचारलं तर म्हणे, "तुले झारीच पायजे, पोरगा नोको." चावट मेला.

६ जुलै

सकाळी उठली तर हे बाजूला नव्हते. बाडीत गेली तर कोपऱ्यात, जिथे कुंपण बांध्यांना लागतं तिथे, माती खालवर केलेली, चांगली लांबरुंद. हे विहिरीवर बसून कपडे धूत होते. जन्मात कधी स्वतःचे कपडे धुतले नाहीत! हात मातीनं भरलेले, तोंड राखेसारखं.

म्हटलं, काय झालं? सदरा पिळून पुन्हा पाण्यात बुडवला. मग म्हणाले, "डुक्कर मेला. गाडलो त्याले. कोनाले सांगू नोको."

मला आधी हसूच आलं. दुसरा कोणी असता तर मटण वाटून खाल्लं असतं, आमच्या या साधूनं खड्डा करून गाडलं! पण यांचं तोंड पाहून हसू थांबलं. यांनाही करंट चाटून गेला असेल, मी घाबरली. दूध गरम करून दिलं, ते तसंच सायीत गार झालं. तार सगळी काढून गुंडाळून विहिरीत टाकली. नवी तार, धडधडीत विहिरीत! मी बोंबलली तर हे म्हणाले, "तारेचं नाव नोको काढू आता या घरात." असा आवाज यांचा मी लग्नापासून ऐकला नव्हता, म्हणून गप्प बसली. तसंही डुक्कर मेल्याचं बाहेर कळलं तर केस होते, खरंच आहे ते.

आमचा कुत्रा कालू मात्र सकाळपासून त्या कोपऱ्यात बसला आहे. भाकर टाकली तरी येत नाही. कुत्र्याला वास येत असेल.

१० जुलै

यांना ताप. तापात बोलतात, पण शब्द कळत नाहीत. डॉक्टरनं सुई दिली.

भुपेनचा फोन बंद. गेल्या साली असाच फोन हरवला होता, दीड महिना पत्ता नव्हता, आणि मग हसत हसत आला. लोखंडात काम करतो, फोन मात्र काचेचा.

दुपारी हात रिकामे होते म्हणून कोहळ्याच्या बिया काढल्या, सासूच्या हातच्या. कुठे लावाव्या? तर आमच्या डुकराच्या खड्ड्यावर. मेलेल्या जनावराइतकं खत कशाचंच नाही, हे अंगणवाडीतल्या पोरालाही कळतं. खुरप्यानं उकरलं, बिया टाकल्या. मागे वळली तर हे दारात उभे, चादर पांघरून.

"तिथं कायले लावतेस?"

"मंग कुटं लावू? डुकरानं कोचई खाल्ली, आता कोहळा देईन."

यांनी दाराची चौकट धरली आणि तिथेच खाली बसले. रडत होते. तापानं माणूस हळवा होतो. मी धरून आत नेलं.

कोहळा यंदा मोठा झाला पाहिजे. थंडीत त्याचा कीस घालून उडदाच्या वड्या टाकायच्या आहेत. आमच्याकडे कोहळा म्हणजे घरचा मोठा लेक. बाई अख्खा कोहळा कापत नाही, पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग किसा, काही करा. दरवर्षी भुपेनच घालायचा. "लेकच लेकाले मारते पाहा," असं म्हणून नंदाबाई हसायची.

२८ जुलै

रोवणी झाली एकदाची. मजूर आणले. हे बांधीवर आलेच नाहीत, घरीच बसून.

कोहळा असा काही वाढतो आहे की भीती वाटावी. परवा दोन पानं होती, आज वेल विहिरीपर्यंत आला. देठ माझ्या अंगठ्याएवढा.

आज यांनी मला झारी दिली. हिरवी! खोलीतून आणली, समोर ठेवली आणि म्हणाले, "घे. बाजारातून आनलो." मला इतका आनंद झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी काचेची बांगडी न मागता आणली नाही या माणसानं. तळाशी रायपूरच्या दुकानाचा कागद चिकटलेला आहे. गोंदियाचे व्यापारी सगळा माल तिकडूनच आणतात. तोंडाजवळ थोडं चेपलेलं आहे, पण चालेल. भुपेनला आता सांगावं लागेल, दुसरी आणू नको म्हणून.

फोन अजून बंदच.

२२ ऑगस्ट

पोळा. बैल सजवले. पुरणपोळी केली. भुपेन नाही आला.

दिवसभर मागच्या दाराकडे पाठ करून बसली. मुद्दाम. एकदा वाटलं, आला. पाऊल वाजलं. बाहेर कालू कुईकुई करायला लागला, ओळखीचं कोणी आल्यासारखा. मी हलली नाही. डोळ्यांवर कोणाचे हात आले नाहीत. वळून पाहिलं तर कोणी नव्हतं, आणि बाहेर कालू कोपऱ्याकडे पाहून शेपटी हलवत होता.

येऊ दे आता. चुलीतलं लाकूडच हाणते एक. आईला असं झुरवतात?

हे पोळी ताटात घेऊन बसले आणि मग सगळी बाहेर नेऊन कालूला घातली.

११ सप्टेंबर

आजची गोष्ट लिहू की नको असं झालं. रीता वाचेल अन् म्हणेल, मायचं डोकं फिरलं.

वेल भलतीकडेच चालला आहे. मी त्याला मांडवावर चढवते, सुतळीनं बांधते, सकाळी पाहावं तर तो उतरून घराकडे निघालेला. कोपरा, विहीर, मग तुळस, मग मागचं दार. अगदी भुपेनच्या वाटेनं. काल शेंडा मी स्वतः वळवून वांग्यांकडे केला होता. आज उंबऱ्याशी आला.

दुपारी उंबऱ्यापाशी बसून गवत काढत होती. वारा नव्हता. मागून डोळ्यांवर काहीतरी आलं. दोन्ही डोळ्यांवर. गार, ओलं, खरखरीत. भुपेनचे हात कारखान्यात असेच खरखरीत झालेत. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, "कोन? नंदाबाई?" हललं नाही. "सरपंच?" नाही. हसू आवरेना, डोळ्यांत पाणी. म्हटलं, "भुपेन!" आणि ते सरकलं.

पाहते तर कोहळ्याची दोन पानं. वरून लोंबत होती.

हे विहिरीपाशी उभे राहून सगळं पाहत होते. मी म्हटलं, "पाहा न, कोहळ्यानं डोळे झाकले माहे." हे वेलाजवळ आले, पानावरून हात फिरवला, जसा पोरांच्या डोक्यावरून फिरवतात. मग आत जाऊन पडून राहिले.

वेलाला मी काही कापलं नाही. राहू दे दारात.

३ ऑक्टोबर

रायपूरहून राजदीपचा फोन आला. भुपेनच्या खोलीत राहतो तो पोरगा. मी आनंदानं म्हटलं, दे, भुपेनला दे. तर तो म्हणाला, "काकी, त्याच्याच साठी तर फोन केला. भुपेंद्र कधी येणार? रोवणीला जातो म्हणून गेला, आईला सांगू नका म्हणाला, सरप्राइज द्यायचं आहे. मालक दुसरा माणूस ठेवून राहिला."

मी म्हटलं, कोणत्या रोवणीला? रोवणी होऊन तर धान पोटरीत आलं.

फोन ठेवला अन् धावतच यांच्याकडे गेली. यांना सांगितलं. वाटलं, हे उठतील, चप्पल घालतील, धावतील. हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पोरं जाते इकडंतिकडं. येईन." येईन! मी ओरडली, शिव्या दिल्या, बुढ्या तू बाप आहेस का दगड? मग रीताला घेऊन मीच गोंदियाला ठाण्यात गेली. जबरदस्तीनं यांनाही नेलं, तर हे पायरीवरच बसून राहिले. साहेबांनी फोटो घेतला, लिहून घेतलं, गाडीत, स्टेशनवर चौकशी करतो म्हणाले.

येताना रीता रडत होती. मी नाही रडली. हरवलेला सापडतो. रडायचं मेलेल्यासाठी.

मागच्या दाराची कडी आजपासून लावणार नाही. हे दोनदा लावून आले, मी दोनदा काढली.

२६ ऑक्टोबर

गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. पाळणे, मिठाई, रात्री नाटक. भुपेननं जन्मात मंडई चुकवली नाही, लहानपणी तापातसुद्धा गेला होता. मी दुपारपासून प्रत्येक पोराचं तोंड पाहत फिरली. त्याच्यासारखा निळा शर्ट दिसला की मागे धावायची. कोणाकोणाचे लेक आले होते, सुरतहून, हैदराबादहून. माझ्या पाया पडत होते. मी आशीर्वाद दिला, काय करणार.

घरी आली तर आणखी एक तमाशा. एवढ्या मोठ्या वेलाला फळ एकच धरलं आहे, मागच्या दाराच्या वर, छपराच्या कवेलूवर, बरोबर भुपेनच्या खाटेच्या माथ्यावर. बाकी सगळी फुलं झडली. नंदाबाई आली होती, वर बोट दाखवून म्हणाली, "कवढा झाला वो!" कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, सडतं, हे तिलाही ठाऊक आहे, पण निघालं तोंडातून अन् हातातून. तर हे घरातून धावत आले आणि तिचा हात असा खाली झटकला की बांगडी फुटली. "बोट नोको दाखवू त्याले! अजून काय पायजे तुमाले त्याचं?"

नंदाबाई बिचारी रडत घरी गेली. मी माफी मागायला गेली तर ती म्हणाली, "पोराच्या दुःखानं डोकं फिरलं त्याहिचं. सांभाळ."

खरंच असेल. मला उगाच वाटत होतं यांना काळीज नाही.

१८ नोव्हेंबर

धान कापणी चालू. थंडी पडली. हे शिडी लावून रोज संध्याकाळी कोहळ्यावर जुनी शाल टाकतात. सकाळी काढतात. भुपेनची शाल आहे ती. मी काही म्हणत नाही. ज्याचं त्याचं दुःख ज्याच्या त्याच्या हातानं.

ठाण्यातून काही नाही.

१४ डिसेंबर

वेल वाळला. काल कोहळा उतरवला. शिडीवरून यांनी दिला, मी खाली झेलला आणि कडेवरच घेतला, दुसरं काही सुचलंच नाही. जड, गार, वर पांढरी राख चढलेली. हात लावला की बोटं उमटतात. घेऊन आत आली तर कालू मागोमाग आत आला. तो कुत्रा जुलैपासून घरात आला नव्हता! कोहळा जिथे ठेवला, तिथेच खाली जाऊन झोपला.

भुपेनच्या खाटेखाली ठेवला आहे. रात्री उठून यांनी तो खाटेवर ठेवला. सकाळी मी पुन्हा खाली ठेवला. खाट भुपेनची आहे, आला तर कुठे झोपेल?

६ जानेवारी

नीट लिहिते. अंगणवाडीच्या वहीत लिहायची तसं, ओळीनं.

आज वड्या होत्या. माझं मन नव्हतं, पण रीता म्हणाली, "माय, काहीतरी कर, नाईतं झुरून मरशील." काल उडीद भिजवले. सकाळी नंदाबाई आली, तिनं राग मनात ठेवला नाही. अंगणात ऊन पडलं होतं. खाटेवर कापड पसरलं, कोहळा मधोमध पाटावर आणून ठेवला. पहिला घाव घालायला दरवर्षी भुपेन. म्हणून मी यांना हाक मारली, "अजी, या. यंदा तुमालेच लागंन. लेक नाई घरी."

हे आले. मी विळा हातात दिला. हे कोहळ्यासमोर बसले. पांढऱ्या राखेवर हात फिरवत राहिले. नंदाबाईनं गमतीनं म्हटलं, "घाला न भाऊजी, लेकच तं आहे, काही बोलनार नाई."

यांनी विळा उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "एका लेकाले दोनदा कसा मारू वो, भुपेनच्या माय?"

नंदाबाई म्हणाली, अगं बाई, यांना पाणी द्या. मी म्हटलं, बाई, तू घरी जा. तिला कळेना. मी पुन्हा म्हटलं, जा. ती गेली.

मी विचारलं, "डुक्कर नोता?"

यांनी मान हलवली. नाही.

"झारी?"

"त्याच्याच हातात होती. पिशवी अन् झारी. कुंपनावरून उतरून राहिला होता. मी करंट बंद कराले आलो तं…"

पुढचं मी बोलू दिलं नाही. मग हेच बोलले, थांबेचनात, जन्मभराचे शब्द एकदम. "तुले उठवाले आलो होतो. तू झोपली होतीस, हसून राहिली होतीस झोपेत. वाटलं, सकाळी सांगीन. सकाळी तोंडातून डुक्कर निघालं. मंग रोज वाटे, आज सांगू. तू रोज वाट पाहून राहिली होतीस. वाट पाहत राहिली तं जगशील, असं वाटलं मले."

मी त्यांच्या थोबाडीत मारली. एकदा, जोरात. मग दोघंही तिथेच बसून राहिलो, कोहळा मधे. मी हंबरडा फोडला की नाही, आठवत नाही. कालू कोहळ्याला चाटत होता.

तार लावा, तार लावा म्हणून मीच मागे लागली. मानूस कायले येते मागून, हे माझेच शब्द. मागची पानं उलटून पाहिली, माझ्याच अक्षरात आहेत. त्याच्या अंगावर मीच बिया टाकल्या, खत चांगलं म्हणून. त्याच्याच झारीनं त्याला पाणी घातलं.

उडदाचं पीठ तसंच आंबून गेलं.

७ जानेवारी

रीताला फोन केला. फोनवर काही सांगितलं नाही, ये म्हटलं. ती आली की ठाण्यात जाऊ. हे म्हणाले, मी एकटा जातो, मीच केलो. मी म्हटलं, तार लावणारा अन् तार लावायला लावणारी, दोघंही जाऊ. मग लोक येतील, कोपरा उकरतील, त्याला बाहेर काढतील. नीट करू त्याचं सगळं, जसं करायला पाहिजे होतं तसं.

कोहळा कापला नाही. यांनी रात्री पुन्हा खाटेवर ठेवला, शाल घातली. या वेळी मी खाली ठेवला नाही. उशी सरळ केली.

आता दुपार आहे. हे अंगणात बसले आहेत. मी चुलीपाशी, मागच्या दाराकडे पाठ करून लिहिते आहे. दार उघडं आहे. वेल तर वाळून गेला, पण मघापासून मागून ओल्या पानाचा वास येतो आहे, आणि कालू उठून शेपटी हलवतो आहे.

आज डोळ्यांवर हात आले तर मी नंदाबाई म्हणेन, सरपंच म्हणेन, गावातल्या सगळ्यांची नावं घेईन. त्याचं नाव घेणार नाही. नाव घेतलं की तो हात काढतो.